इअरबड्स उसवून पाहा

वडूजच्या बाजारात बिनवायरचे इअरबड्स आता सहज मिळतात. काही दिवसांनी एका कानातला आवाज बंद पडतो आणि दुकानदार सांगतो, "हे दुरुस्त होत नाही, नवीन घ्या." कापडाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे उत्तर पटत नाही. नवा कट शिकायचा तर आमचे दर्जी जुनी शेरवानी उसवून बसतात. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या आपल्या तरुणांनीही बंद पडलेले इअरबड्स असेच उसवून पाहावेत.

आत आहे तरी काय? गुंडीएवढा लिथियमचा सेल, ब्ल्यूटूथची चिप बसवलेली पट्टी, बारीकसा माइक, लोहचुंबक व कॉइलचा छोटा स्पीकर आणि चार्जिंगच्या टिकल्या. बहुधा सेलच आधी थकतो. इवलासा जीव, रोज भरतो नि रिकामा होतो. पुष्कळदा तर टिकल्यांवर घाम-मळ साचून चार्जिंगच होत नाही. तिथे स्पिरिटच्या बोळ्यावर काम भागते! सेलवर १२५४ असा आकडा असला तर तो १२ मिलिमीटर रुंद व ५.४ मिलिमीटर जाड समजावा. त्याच मापाचा, त्याच व्होल्टचा सेल आणून बसवता येतो.

खरी अडचण डिंकाची. २०१६ साली ॲपलचे एअरपॉड्स आले, तेव्हा अमेरिकेतील आयफिक्सिट कंपनीने ते उघडून पाहिले आणि दुरुस्तीसाठी १० पैकी ० गुण दिले. २०१९ च्या सॅमसंग गॅलक्सी बड्सना तिनेच ६ दिले. त्यांचा सेल बदलता येत होता. म्हणजे डिंकाने चिकटवणे ही मजबुरी नव्हे, कंपनीची मर्जी आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमांनुसार, काही अपवाद वगळता, फेब्रुवारी २०२७ पासून अशा वस्तूंतली बॅटरी ग्राहकाला काढता आली पाहिजे. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. चांगले झाले, पण पोर्टलने डिंक सुटत नाही.

तीनशे रुपयांच्या मालावर मेहनत घेण्यात अर्थ नाही, हेही गिऱ्हाइकाला इमानदारीने सांगावे. महागड्या जोडीची गोष्ट वेगळी. रफूगराला मजुरी मिळते ती किमती शालीवरच. शिकणाऱ्याने आधी भंगारातल्या जोडीवर हात बसवावा. सांधा हलकी ऊब देऊन प्लास्टिकच्या पातीने सोडवावा. सुरी घालू नये, कारण सेलला टोचले तर तो पेट घेतो. काढलेल्या सेलला चिकटपट्टी लावून तो वेगळ्या डब्यात ठेवावा आणि ई-कचरा घेणाऱ्यालाच द्यावा.