उजेड हवा, पण मोजून

औंधच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालय व ग्रंथालयात राजा रविवर्मांची चित्रं आहेत. अशा जुन्या वास्तूत दिवे बदलायचे म्हटलं, की ‘लखलखाट करा’ एवढंच ऐकू येतं. पण उन्हात पडलेलं पोतं कसं विरतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको. कागदाचं, रंगाचं तसंच. तैलचित्राला साधारण २०० लक्स, पोथीला आणि जलरंगाला ५० लक्स उजेड पुरे, असा संग्रहालयांचा दंडक आहे. एलईडीत अतिनील किरण नगण्य असतात, पण नुसत्या उजेडानंही रंग उडतो, अन् उडालेला रंग परत येत नाही. म्हणून निविदेत वॅटबरोबर लक्सही लिहा. दालनात माणूस नसला की दिवा बंद व्हावा. वाचनाच्या टेबलावर मात्र भरपूर उजेड द्या.