गोळ्या इंद्रायणीत फेकायच्या आधी संपादकाला विचारा

थोडं लांबलंय, पण आपल्या पट्ट्यात जे कुणी लिहितात, छापतात किंवा लिहिणाऱ्यांचे सत्कार करतात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

भोसरी, मोशी, चिखलीपासून कुरुळी, निघोजे, महाळुंगेपर्यंत गेल्या काही वर्षांत पुस्तक लिहिणारी माणसं वाढलीत. कुणी फिटर आहे, कुणी क्वालिटीत आहे, कुणी ठेकेदाराकडे आठ-दहा वर्षं काढून अजून पर्मनंट व्हायची वाट बघतोय. कंपनीच्या बसमध्ये मोबाईलवर टाइप करून अख्खी कादंबरी लिहिणारे लोक मला माहीत आहेत. मला त्यांचं कौतुक आहे. मी छोट्या पेपरात काम करतो, त्यामुळे यातली बरीच पुस्तकं ‘परिचय लिहा’ म्हणून माझ्या टेबलावर येतात.

अलीकडे त्यात एक विषय पुन्हा पुन्हा दिसतो, तो म्हणजे मनाचे आजार. नैराश्य, स्किझोफ्रेनिया, दारू, नाईट शिफ्टने उडालेली झोप. यात नवल काही नाही. गावाकडून आलेला पोरगा खराबवाडीत एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो, आठवड्याला शिफ्ट बदलते, ब्रेक कधी मिळेल याची खात्री नाही, घरी पैसे पाठवायचे असतात. त्याच्या मनाचं काय होत असेल ते तोच लिहू शकतो, आणि लिहितोय. पण ही पुस्तकं ज्या पद्धतीने छापली जातायत, त्यावर बोलायला हवं.

एक उदाहरण देतो. लेखकाचं आणि पुस्तकाचं नाव सांगत नाही, कारण मुद्दा त्यांचा एकट्याचा नाही. चाकणच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या माणसाची ही कादंबरी. धाकट्या भावाला आवाज ऐकू येतात. मशीनचा आवाज कुठला आणि डोक्यातला कुठला हे त्याला कळेनासं होतं. आई भाजीत गोळी कुस्करून घालते आणि पोरगा जेवताना तिच्याकडे बघतच राहतो. पहिली नव्वद पानं मी बसल्या बैठकीत वाचली. अशी पानं पुण्या-मुंबईचा भला भला लेखक लिहू शकणार नाही.

आणि मग शेवट. भावाचं लग्न होतं. बायकोच्या प्रेमाने त्याचे आवाज बंद होतात. दोघं आळंदीला जातात, तो खिशातली गोळ्यांची पाकिटं इंद्रायणीत फेकतो, आणि पुढच्या पानावर त्याला सुपरवायझर केलेलं असतं.

मी लेखकाला फोन केला. आधी मनापासून अभिनंदन केलं, मग शेवटाबद्दल विचारलं. ते म्हणाले, “सर, हे आमच्या घरातलंच आहे. भाऊ अजून गोळ्या घेतो, चांगला आहे, कामालाही जातो. पण पुस्तकाचा शेवट गोड पाहिजे ना!” मी विचारलं, छापायच्या आधी कुणी वाचलं होतं का? “हो तर, प्रकाशकांनी शुद्धलेखन तपासलं की.”

मंडळी, सगळी गोम इथे आहे. खऱ्या आयुष्यात भाऊ गोळ्या घेऊन कामाला जातोय, हा कादंबरीतल्या शेवटापेक्षा कितीतरी गोड शेवट होता. तो लेखकाच्या स्वतःच्या घरात होता. “दादा, मग हेच लिहा की,” एवढं म्हणणारा माणूस लेखक आणि छापखाना यांच्यामध्ये उभा नव्हता.

आपल्याकडे मुद्रितशोधन म्हणजेच संपादन असा समज आहे. ऱ्हस्व-दीर्घ बघणं हे मुद्रितशोधकाचं काम, आणि तेही कष्टाचं आहे. संपादक वेगळे प्रश्न विचारतो. हा माणूस चौथ्या प्रकरणात असा वागतो, मग नवव्यात असा का? ही वीस पानं कशासाठी आहेत? हे तुम्ही पाहिलंय की सिनेमात बघितलंय? वाचक इथून काय घेऊन उठणार? आणि विषय आजाराचा असेल तर आणखी एक: हे एखाद्या डॉक्टरला, समुपदेशकाला किंवा या आजारातून गेलेल्या माणसाला दाखवलंय का?

प्रेमकथा फसली तर वाचक पुस्तक बाजूला ठेवतो, लेखकाचे पैसे जातात, विषय संपतो. मनाच्या आजाराच्या गोष्टीत चूक झाली तर ती वाचकाच्या घरात जाते. ज्याच्या घरी असा पेशंट आहे, तोच हे पुस्तक आधी उचलणार. आपल्याकडे आधीच ‘गोळ्यांची सवय लागते’, ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’, ‘बाहेरचं बघून घ्या’ असं सांगणारे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्या जोडीला छापील पुस्तक आलं की आई म्हणणार, बघ, पुस्तकात पण हेच लिहिलंय. डॉक्टरांना न विचारता गोळ्या अचानक बंद केल्या की आजार उलटतो, हे स्किझोफ्रेनियाचा पेशंट सांभाळणाऱ्या घरांना विचारा.

आणि हा आकडा लहान नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर १०० प्रौढांमागे दहाच्या वर लोकांना कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. म्हणजे बहुतेकांची गाठ डॉक्टरशी पडायच्या आधी सिनेमाशी, रीलशी किंवा गोष्टीशी पडते. गोष्ट लिहिणाऱ्यावर ही जबाबदारी त्याने न मागता येऊन पडते.

माझ्याकडे आलेल्या पुस्तकांत नेहमी दिसणाऱ्या तीन चुका सांगतो. कुठल्याही बऱ्या संपादकाने त्या पहिल्या वाचनात पकडल्या असत्या.

एक, स्किझोफ्रेनिया म्हणजे ‘एका शरीरात दोन माणसं’. हे चूक आहे. भास होणं, नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असा पक्का संशय बसणं, ही त्याची लक्षणं. आपला मराठी शब्द ‘छिन्नमनस्कता’ या गैरसमजाला आणखी खतपाणी घालतो.

दोन, शॉकचा प्रसंग. जागा असलेला पेशंट ओरडतोय, चौघांनी धरलंय आणि विजेचा झटका देतायत. गोष्ट आजची असेल तर लेखकाला हे माहीत पाहिजे की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ही उपचारपद्धती वापरायला बंदी आहे. पेशंटला साखळीने बांधायलाही बंदी आहे. कादंबरीत कुणी कायदा मोडत असेल तर जरूर दाखवा, पण तो मोडतोय हे लेखकाला ठाऊक असू द्या.

तीन, आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला पोलीस बेड्या घालून नेतात. त्याच कायद्याचं कलम ११५ म्हणतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं, आणि त्याची काळजी घेणं, उपचार व पुनर्वसन करणं हे सरकारचं काम आहे. शिक्षेच्या भीतीने घरचे लोक अशी गोष्ट लपवतात आणि दवाखान्यात नेत नाहीत. आपल्या कादंबरीने ती भीती वाढवायची का?

आत्महत्येचाच विषय निघालाय तर जुनी गोष्ट सांगतो. १७७४ साली जर्मनीत गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी आली. प्रेमभंग झालेला नायक शेवटी जीव देतो. तरुण त्याच्यासारखे कपडे घालून फिरू लागले, आणि त्याचं अनुकरण करून जीव दिल्याच्याही घटना कानावर येऊ लागल्या. १७७५ मध्ये लाइपझिग शहराने पुस्तकावर बंदी घातली. याची दुसरी बाजूही आहे. २०१० साली ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी वर्तमानपत्रांतला मजकूर तपासला. ज्यात माणूस जिवावरच्या विचारातून सावरल्याचं लिहिलं होतं, त्यानंतर आत्महत्या कमी झाल्याचं त्यांना दिसलं. मोत्झार्टच्या एका संगीतिकेतलं जे पात्र जीव द्यायला निघतं आणि मागे फिरतं, त्याच्यावरून याला ‘पापागेनो परिणाम’ म्हणतात. म्हणजे गोष्ट मारू शकते तशी तारूही शकते.

आम्हा पत्रकारांना यासाठी नियम आहेत. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये सांगितलंय की आत्महत्येची पद्धत वर्णन करू नका, सनसनाटी मथळे देऊ नका. कथा-कादंबरीला असे नियम नसावेत, असं माझंही ठाम मत आहे. सरकारने कादंबरीत हात घालू नये. पण म्हणूनच तिथे संपादक लागतो. तो बंदी घालत नाही, प्रश्न विचारतो, आणि शेवटचा शब्द लेखकाचा राहतो.

हे जमतं का? मराठीत जमलंय. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) आठवा. त्याच्या निर्मितीमागे डॉ. जगन्नाथ वाणी होते, पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे संस्थापक. आजार जवळून माहीत असलेली माणसं कामात होती, म्हणून अतुल कुलकर्णीचा शेष आपल्याला ‘वेडा’ वाटत नाही, आपल्या घरातला वाटतो. नैराश्यावरचा ‘कासव’ त्याच जोडीचा. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं, आणि त्यामागे उभे होते डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. जाणकार सोबत घेतल्याने कला पातळ झाली, असं कुणी म्हणालेलं मला आठवत नाही.

आता यावरचे आक्षेप. पहिला मला तोलामोलाचा वाटतो. “संपादक म्हणजे पुण्या-मुंबईचा शिकलेला माणूस, तो आमची भाषा घासून पुसून गुळगुळीत करणार.” हा राग जुना आहे. मौजेचे श्री. पु. भागवत, ‘सत्यकथे’चे राम पटवर्धन यांनी लेखकांबरोबर बसून एकेका हस्तलिखितावर जी मेहनत घेतली, तिला तोड नाही. पण १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी त्याच ‘सत्यकथे’ची होळी केली, कारण त्या चौकटीत आपलं जगणं मावत नाही असं त्यांना वाटत होतं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात. म्हणून मी म्हणतो, संपादक आपल्यातलाही तयार झाला पाहिजे, ज्याला थर्ड शिफ्ट म्हणजे काय हे सांगावं लागणार नाही. भाजीत कुस्करलेल्या गोळीला त्याने हात लावू नये, आणि इंद्रायणीतल्या गोळ्यांवर लाल खूण करावी.

दुसरा आक्षेप: “आम्ही अनुभवातून लिहितो, आम्हाला कशाला संपादक?” तुकोबांचा गाथा तर आपल्याच मातीतला. तुकोबांच्या तोंडचं लिहून ठेवणारे संताजी जगनाडे चाकणचे. तरीसुद्धा १८६९ साली गाथा नीट छापायची ठरली तेव्हा विष्णू परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथल्या पोथ्या समोर ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहिला. तुकोबांना जे लागलं ते आपल्याला नको, असं कुणी म्हणू नये.

तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. आज नवा लेखक स्वतःच्या खिशातून, कधी पीएफमधून पैसे काढून पुस्तक छापतो. प्रकाशक म्हणवणारे अनेक जण फाइल घेतात, मुखपृष्ठ करतात, प्रती मोजून देतात आणि प्रकाशन समारंभाचाही दर सांगतात. त्या यादीत संपादनाची ओळच नसते. लेखकाला वाटतं, अशी काही गोष्टच नसते.

पैसा आपल्या शहरात नाही असं मात्र नाही. २०१६ मध्ये ८९वं अखिल भारतीय साहित्य संमेलन याच पिंपरीत केवढ्या थाटात झालं ते आपण पाहिलंय. शाल, श्रीफळ, फेटे, फ्लेक्स यांवर दरवर्षी किती जातं ते मंडळांनी स्वतःच मोजावं. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

साहित्य मंडळांनी दरवर्षी एक सत्कार कमी करावा आणि त्या पैशात एका नव्या लेखकाच्या हस्तलिखिताचं रीतसर संपादन करून द्यावं. प्रकाशकांनी दरपत्रकात मुद्रितशोधन आणि संपादन वेगळं दाखवावं, आणि पुस्तकात संपादकाचं नाव छापावं, म्हणजे कुणी वाचलं होतं ते कळेल. कामगार कल्याण मंडळ कामगार साहित्य संमेलनं भरवतंच, तिथे कविसंमेलनाशेजारी दोन दिवसांची संपादनाची कार्यशाळा घ्यावी. शहरातल्या मनोविकारतज्ज्ञांनी आणि समुपदेशकांनी वर्षाला एक हस्तलिखित फुकट वाचायचं कबूल करावं. आणि पुरस्कार देणाऱ्यांनी पुस्तक आधी वाचावं. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे!

लेखक मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगेन की घाई करू नका. प्रकाशनाला पाहुण्याची तारीख मिळाली म्हणून पुस्तक छापू नका. सहा महिने उशीर झाला तर कुणाचं बिघडत नाही. तुमच्याकडे जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणून ते नीट बाहेर आलं पाहिजे.

कुणी संपादन करून देऊ शकत असेल, किंवा हस्तलिखित वाचायला तयार असलेले डॉक्टर ओळखीचे असतील, तर खाली लिहा, मी यादी करतो. आणि हे वाचताना स्वतःच्या किंवा घरातल्या कुणाच्या आठवणीने जीव घाबरा झाला असेल तर १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.