चाळीस चढाया आणि एकच पोरगा

कबड्डीचा सामना 40 मिनिटांचा आणि चढाई 30 सेकंदांची. म्हणजे दोन्ही संघांच्या मिळून फार तर 80 चढाया होतात आणि एका संघाच्या वाट्याला 40 येतात. त्यातल्या 25 एकट्यानेच केल्या, तर उरल्या 15. त्या तिघांत वाटल्या की प्रत्येकाच्या हाती पाच. या पाच चढायांवर आमच्या महाविद्यालयांतली पोरं विद्यापीठ संघाची, पुढे प्रो कबड्डीच्या लिलावाची स्वप्नं बघतात. ती स्वप्नं मोडतात तेव्हा आम्ही म्हणतो, पोरात दम नव्हता. हे खोटं आहे. दम होता, तो दाखवायला चढाई मिळाली नाही.

मी स्वतः असाच दुसरा चढाईपटू होतो. डाव्या बाजूने जायचो, बोनसवर पाय बरा होता. पण सरांचा हुकूम ठरलेला असे: "तू फक्त निदान रेषा ओलांडून परत ये. गुण आणायचं काम त्याचं." 'तो' म्हणजे आमचा हुकमी रेडर. तो बाद होऊन बाकावर बसला की आमचं काम आणखी खाली घसरायचं. आपला बचाव कुणाला तरी पकडेल, तो जिवंत होऊन आत येईल, तोवर आम्ही वेळ काढायचा. हात घालायचा नाही, बोनसच्या मागे जायचं नाही, कोपऱ्याच्या जवळ फिरकायचं नाही. तीन वर्षं मी हे केलं. तीन वर्षांत काय शिकलो, तर रिकाम्या हाताने परत यायला.

ज्याला फक्त चढायांची संख्या दिसते त्याला हे नुकसान अर्धंच कळतं. दुसऱ्या पोराला चढाया कमी मिळतात एवढंच नाही, त्याला मिळतात त्याही निकस असतात. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हुकमी रेडर बाहेर असताना ही 'डू ऑर डाय' कुणाच्या गळ्यात पडते? ज्याला दिवसभर 'हात घालू नको' म्हणून सांगितलं, त्याच्याच. समोर साखळी धरून सगळा बचाव उभा, मागे ओरडणारं मैदान आणि अंगात धोका पत्करायची सवयच नाही. तो पकडला जातो. मग निवड करणारे म्हणतात, दबावात टिकत नाही. दबावात खेळायला त्याला शिकवलं कधी होतं?

बचावाचीही तीच गत. आमचा कोपरारक्षक रोज सरावाला उभा राहतो तो एकाच माणसासमोर. त्याची चाल, त्याचा खांदा, त्याची वळायची बाजू पाठ होते. मग विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेत पुण्याचा नाहीतर नाशिकचा एखादा उलट्या बाजूने येणारा, टो टचवर खेळणारा पोरगा समोर आला की आमच्या कोपऱ्याचा हात हवेत राहतो. शिवाय हुकमी रेडरला जिवंत करायची घाई सगळ्या बचावाच्या डोक्यावर बसलेली असते. थांबून, रेडर पुरता आत आल्यावर घोटा धरायचा, हा संयम ही घाई मारून टाकते. एकाला मोठं करताना आम्ही सहा जण कच्चे ठेवतो.

यावर प्रशिक्षकांचं उत्तर तयार असतं: चषक कोण आणून देतो? मला पाटणा पायरेट्सचा दाखला देतात. द्यावा. प्रदीप नरवालच्या जोरावर पाटण्याने प्रो कबड्डीची ओळीने तीन विजेतेपदं घेतली. पाचव्या हंगामात त्या एकट्याने चढायांचे 369 गुण मिळवले. पण तो दाखला अर्ध्यावर का थांबवता? सातव्या हंगामात त्याच प्रदीपने 302 गुण घेतले आणि पाटणा बाद फेरीतसुद्धा पोचला नाही. आठव्या हंगामात प्रदीप संघात नव्हता. चढाया अनेकांत वाटल्या गेल्या आणि तोच पाटणा अंतिम सामन्यात दिल्लीकडून अवघ्या एका गुणाने हरला. आणि पाटणा हा धंदा होता. तिथले बाकीचे खेळाडू पैसे घेऊन खेळत होते, तयार होऊन आले होते. महाविद्यालयात पोरगा तयार व्हायला येतो. त्याच्या तीन वर्षांवर चषक विकत घ्यायचा अधिकार प्रशिक्षकाला कुणी दिला?

दुसरं उत्तर त्याहून निर्लज्ज आहे: ज्याच्यात आहे तो वर येतोच, आपल्या नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार नाही का आला? आला. पण ज्या संघाचा कर्णधार म्हणून तो जिंकला, तो संघ कसा खेळत होता, हे पाहिलंत का? 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. त्या हंगामात अस्लमबरोबर मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे हे सगळे चढाया करत होते. अंतिम सामन्यात एका चढाईत चार गुण आणून सामना फिरवला तो पंकजने, कर्णधाराने नव्हे. अस्लमचं नाव घ्यायचं आणि त्याच्या संघाचा धडा मात्र गिळायचा, ही लबाडी आहे.

त्याच मार्च महिन्यात 70वी वरिष्ठ राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा आपल्या नगरमध्ये झाली. देशभरातले संघ दारात येऊन खेळून गेले. त्यानंतर आपल्या महाविद्यालयांच्या मैदानावर काय बदललं? मी संध्याकाळी पोरं शिकवतो, फिरत असतो, मला तरी काही दिसलं नाही. अजूनही तोच एक पोरगा, तेच रेष ओलांडून परत येणारे बाकीचे.

हा खेळाच्या आवडीचा प्रश्न नाही, पोटाचा आहे. पाथर्डी-शेवगावकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली पोरं कबड्डीकडे वळतात, कारण मैदानाला पैसे लागत नाहीत. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात सगळ्यात खालच्या गटाची मूळ बोलीही 9 लाखांची होती. त्या घराला हा आकडा काय वाटतो, हे ज्याने ऊसतोडीचं घर पाहिलंय त्यालाच कळेल. आणि तिथवर जायचा रस्ता विभाग, विद्यापीठ, पश्चिम विभाग असा एकेका सामन्यातून जातो. पहिल्याच पायरीवर ज्याच्या पाचही चढाया रिकाम्या, त्याचं नाव पुढच्या यादीत येणारच नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. महाविद्यालयीन सामन्यांत प्रत्येक खेळाडूच्या गुणांबरोबर त्याच्या चढाया आणि पकडीचे प्रयत्नही लिहा, आणि निवड समितीसमोर तोच कागद ठेवा. साखळी सामन्यांत एकाने अर्ध्याहून जास्त चढाया करू नयेत, असा नियम विभागाने करावा. बाद फेरीत हवं तसं खेळा. सरावात हुकमी रेडरला आठवड्यातून दोन दिवस बचावात उभं करा आणि बाकीच्यांना त्याच्यावर चढाई करू द्या. यातल्या एकाही गोष्टीला मॅट लागत नाही, निधी लागत नाही.

चषक कपाटात राहतो. मी खेळलो त्या वर्षीचाही कपाटातच असेल. त्या संघातले आम्ही सात जण कुठे गेलो, हे मात्र कुणी कुठल्या कागदावर लिहून ठेवलेलं नाही. पुढच्या पोरांचं तरी लिहा.