पाण्याला जुगाड चालत नाही

पाण्याखालच्या छायाचित्रणाचा विषय मराठीत निघाला की तो मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर जाऊन थांबतो. ते स्वाभाविकही आहे. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. पुढे तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगचे रीतसर शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. आम्हाला मात्र या विषयावर लिहावेसे वाटते ते बीडजवळच्या पालीच्या निमित्ताने. पालीला समुद्र नाही, बिंदुसरेवरचे धरण आहे. पाऊसकाळ चांगला झाला आणि सांडव्यावरून पाणी पडू लागले की बीडकर ते पाहायला जातात, काठावर उभे राहतात आणि परत येतात. पाण्याशी आपला संबंध एवढाच, काठावरून पाहण्याचा.

आमचे म्हणणे असे, की कॅमेरा पाण्यात नेण्यासाठी घरच्या घरी जलाभेद्य पेटी बनवणे हा वरवर रिकामटेकडा वाटणारा उद्योग आहे, पण तो दोन गोष्टी शिकवतो : आपले काम स्वतःच कठोरपणे तपासण्याची सवय आणि पाण्याकडे आतून पाहण्याची नजर. मराठवाड्याला या दोहोंची गरज आहे.

पहिला आक्षेप येईल तो असा, की तयार पेट्या बाजारात मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. ही कला जन्मली तीच हौशी माणसाच्या हातून. १८५६ साली इंग्लंडात वेमथच्या उपसागरात विल्यम थॉम्पसन या गृहस्थाने लाकडी पेटीला पुढे काच बसवली, आत कॅमेरा ठेवला आणि ती होडीतून दोरीने सुमारे अठरा फूट खाली सोडली. पेटीत पाणी शिरले, तरी काचेवर पुसटसे चित्र उमटलेच. १८९३ मध्ये फ्रान्समधील बान्यूल्स येथे लुई बूताँ या प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या अभियंता भावाच्या मदतीने दुसरी पेटी केली. तिला त्यांनी हवेने भरलेला रबरी फुगा जोडला. बाहेरचा दाब वाढला की फुगा आकसे, त्यातली हवा पेटीत जाई आणि आतला-बाहेरचा दाब सारखा राही. झाक कुस्तोने १९४२ सालच्या आपल्या पहिल्या पाण्याखालच्या चित्रपटासाठी कॅमेरा अशाच खास बनवून घेतलेल्या पेटीत घातला होता. कारखान्यात तयार झालेला, पेटीवाचून पाण्यात जाणारा निकोनॉस हा कॅमेरा आला तो १९६३ मध्ये. म्हणजे शतकाहून अधिक काळ हे शास्त्र करवत, कानस आणि रबर यांच्या बळावर वाढले.

आता पेटीच्या अंतरंगाकडे वळू. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो. वाचायला हा आकडा किरकोळ वाटतो. पण पंधरा सेंटिमीटर लांब आणि दहा रुंद अशा झाकणावर वीस मीटर खोलीत तीनशे किलो भार येतो. तीन क्विंटल कापूस तळहाताहून थोड्या मोठ्या पत्र्यावर रचावा, तसे ते आहे. म्हणून अ‍ॅक्रिलिकचा तक्ता जाड घ्यावा लागतो आणि जोड नुसता चिकटवून भागत नाही. द्रावकाने दोन्ही कडा विरघळवून एकजीव कराव्या लागतात. झाकण आणि पेटी यांच्यामध्ये ओ-रिंग बसते. ही साधी रबरी कडी खाचेत नेमकी तेवढीच दाबली गेली पाहिजे. खाच खोल झाली तर ती सैल बसते, उथळ झाली तर चिरडते. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा एक कण राहिला तरी पाण्याला तेवढी वाट पुरते. ग्रीस पाणी अडवते हा समजही चुकीचा. ग्रीसचे काम रिंग नीट सरकून बसावी एवढेच. थापून लावलेले ग्रीस उलट धूळ धरून ठेवते. आणखी एक गंमत अशी, की नीट बनवलेले झाकण खोल पाण्यात अधिकच घट्ट बसते, कारण पाणीच त्याला दाबते. पुष्कळदा पेटी गळते ती पहिल्या हात-दोन हात पाण्यातच.

१९८६ साली ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर थोड्याच वेळात नष्ट झाले, त्याच्या मुळाशी थंडीने ताठरलेली अशीच एक रबरी कडी होती. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीच्या वेळी बर्फाच्या पाण्यात रबराचा तुकडा बुडवून ते सर्वांसमक्ष दाखवले. थोर यंत्रेही अखेर एका कडीवर अवलंबून असतात, हे त्यातून जगाला कळले.

हे ज्ञान परदेशी पुस्तकांतच आहे असे मात्र कोणी समजू नये. बीड जिल्ह्यातल्या बाजाराच्या गावांत मोटर रिवाइंडिंगची दुकाने असतात. तिथला कारागीर वर्षानुवर्षे पाणी आणि वीज यांच्यामध्ये उभा आहे. बोअरमध्ये सोडायच्या अनेक मोटरी आतून पाण्यानेच भरलेल्या असतात. तिथे पाणी अडवायचे नसते, प्रत्येक तारेला पाण्यापासून जपायचे असते. पाणी बाहेर ठेवणे आणि पाणी आत घेऊन निभावणे असे हे दोन मार्ग. बूताँचा फुगा या दोहोंच्या मधला. केबलचा जोड बादलीत बुडवून पाहिल्याशिवाय चांगला कारागीर मोटर खाली सोडत नाही. शेजारचा लेथवाला ओ-रिंगची खाच सुबक कापून देऊ शकतो. पेटी बनवणाऱ्याने आपले गुरू इथे शोधावेत.

इथेच आमचा मुख्य मुद्दा येतो. गेली काही वर्षे ‘जुगाड’ या शब्दाचे फार कौतुक चालले आहे. टंचाईत वेळ मारून नेण्याला आपण प्रतिभा म्हणू लागलो आहोत. जुगाड वरून दिसायला घरगुती पेटीसारखाच असतो, पण दोघांची जात वेगळी. जुगाडाचे ब्रीद ‘चालतंय तोवर चालवू’ हे. पेटी बनवणारा मात्र कॅमेरा आत ठेवण्यापूर्वी रिकामी पेटी कोरडा टिपकागद आणि वजन घालून खाली सोडतो, तासाभराने वर काढतो, कागदावर ओलावा दिसला तर झाकण पुन्हा घासायला घेतो. पाणी कोणाची भीडभाड ठेवत नाही, आणि रस्ते, बंधारे, शाळांच्या इमारती बांधताना नेमकी हीच टिपकागदाची परीक्षा आपण टाळत आलो आहोत.

दुसरी गोष्ट नजरेची. दुष्काळी प्रदेशात पाणी आपल्याला आकड्यांत भेटते : टक्के, दशलक्ष घनमीटर, टँकरच्या खेपा. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा तर पाण्याचे वॅगनही मोजले गेले. या हिशेबी भाषेत ‘मृतसाठा’ नावाचा एक शब्द आहे. धरणाच्या दारापर्यंत जे पोहोचत नाही ते पाणी मृत! उन्हाळ्यात मासे, कासवे, शेवाळ आणि पाणकिडे जिथे तग धरून असतात तेच हे पाणी. ज्याला कोणी आतून पाहिलेले नाही त्यालाच असे नाव सुचते. उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे देऊळ वर येते आणि छायाचित्रकारांची गर्दी होते. बुडालेले आपल्याला दिसते ते पाणी गेल्यावरच. पाणी असताना पाहावे, गाळ कुठे किती साचला, काय जगले, काय गेले याची चित्रे दरवर्षी त्याच जागी घ्यावीत, हे काम शाळेतली मुलेही करू शकतील.

यासाठी पाण्यात उतरण्याचीही गरज नाही. स्कूबाचे शिक्षण घेतल्यावाचून कोणी तसे करूही नये. धरणाच्या दारापाशी आणि मोटर चालू असलेल्या विहिरीत तर मुळीच नाही. थॉम्पसनप्रमाणे पेटी दोरीने सोडता येते. बिनतारी संदेश पाण्यात फार दूर जात नाहीत, म्हणून फोन ठरावीक अंतराने आपोआप चित्र घेईल असा लावून ठेवावा. दोन लिटर आकारमानाची पेटी बुडायला आतले सामान धरून दोन किलोंहून थोडे अधिक वजन लागते, तेवढे शिसे तळाशी बांधावे. गढूळ पाण्यात दिवा भिंगाच्या शेजारी न ठेवता बाजूला लांब धरावा, नाहीतर चित्रात केवळ कण चमकतात. पावसाळ्यानंतर गाळ खाली बसला की हिवाळ्यात पाणी त्यातल्या त्यात निवळते.

मालवणच्या निळाईपुढे पालीची ही चित्रे मातकट, हिरवट आणि अस्पष्ट येतील, हे आम्ही जाणतो. पण ती ज्या पाण्यावर आपण जगतो त्या पाण्याची असतील.