फुरसतीचे उद्योग : थोड्या पिना, पुष्कळ कामें

हल्लीं पुष्कळ घरांतून मुलामुलींच्या हातीं आर्डुइनो नांवाचा तळहाताएवढा बोर्ड दिसूं लागला आहे. इटलींतील इव्हरिया या गांवीं विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं २००५ सालीं याचा आरंभ झाला, आणि 'उनो' ही त्याची प्रसिद्ध आवृत्ति २०१० सालीं निघाली. घरचें मूल प्रथम एक दिवा लुकलुकवितें, मग बझर वाजवितें, आणि थोड्याच दिवसांत वडिलांपुढें येऊन उभें राहतें : "पिना संपल्या, मोठा बोर्ड घेऊन द्या." या मागणीस वडील माणसांनीं काय उत्तर द्यावें, याचा आज विचार करूं.

मोठा बोर्ड मिळत नाहीं असें नाहीं. 'मेगा २५६०' या बोर्डावर ५४ साध्या व १६ अ‍ॅनॅलॉग पिना असतात. ज्याला काम उद्यांच उरकावयाचें आहे, त्यानें तो खुशाल घ्यावा. परंतु शिकण्यासाठीं आरंभिलेल्या उद्योगांत अडचण हीच गुरु असते. पैसे टाकून ती दूर केली, कीं गुरुच घराबाहेर गेला. शिवाय मोठ्याही बोर्डाच्या पिना केव्हां तरी संपतातच. युक्ति मात्र एकदां आली म्हणजे संपत नाहीं.

एक उदाहरण घेऊं. बारा खोल्यांच्या वाड्यांत तीन पिढ्या नांदत आहेत. आजी माडीवर अंथरुणास खिळलेल्या, काका मागल्या खोलींत, बाळंतीण माजघरालगत. प्रत्येक खोलींत एक बटण, स्वयंपाकघरांत बारा लहान दिव्यांची पाटी, हांक आली म्हणजे वाजणारा एक बझर, आणि 'ऐकलें हो' असें सांगून दिवा विझविणारें एक बटण, अशी योजना घरच्या मुलीनें आंखली. तेरा बटणें, बारा दिवे, एक बझर : एकूण २६ कामें. उनोवर १४ साध्या व सहा अ‍ॅनॅलॉग, मिळून २० पिना. त्यांतील ० व १ या दोन संगणकाशीं बोलण्यांत गुंतलेल्या, उरल्या १८. (अ‍ॅनॅलॉग पिना साध्या पिनांप्रमाणें वापरतां येतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें, म्हणून उसनें मागण्यापूर्वीं घरचें मोजून घ्यावें.) तरीही आठ पिनांची तूट राहतेच.

ती भरून काढणारी पहिली वस्तु म्हणजे ७४एचसी५९५ नांवाचें शिफ्ट रजिस्टर. हें सोळा पायांचें आय.सी. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यास बुधवार पेठेंत सहज मिळतें. त्याची रीति मी वर्गांतील दृष्टान्तानें सांगतों. एका बांकावर आठ मुलगे बसले आहेत. गुरुजी टोकाच्या मुलाच्या हातीं एक चिठ्ठी देतात. तिजवर 'लावा' किंवा 'विझवा' एवढेंच लिहिलेलें. टाळी वाजली कीं प्रत्येकानें आपली चिठ्ठी शेजाऱ्यास द्यावयाची. आठ टाळ्यांत आठ चिठ्ठ्या बांकभर पसरतात, व सर्वांत आधीं दिलेली चिठ्ठी दूरच्या टोकास पोंचते. तोंवर कोणीहि आपली चिठ्ठी दाखवावयाची नाहीं. 'दाखवा' अशी आज्ञा होतांच सर्वांनीं एकदम वर धरावयाची. चिठ्ठी, टाळी व आज्ञा, या तीन तारांत आठ दिवे ताब्यांत आले. पहिल्या बांकाच्या शेवटीं दुसरा बांक जोडला तर तार एकहि वाढत नाहीं. सोळा दिवे त्याच तीन तारांवर चालतात.

बटणांसाठीं याचाच उलटा भाऊ आहे : ७४एचसी१६५. आज्ञा होतांच हा आठहि बटणांची स्थिति एकाच क्षणीं टिपून घेतो व मग टाळीगणिक एकेक उत्तर बोर्डास सांगतो. त्यासहि तीनच तारा पुरतात. प्रत्येक बटणाच्या तारेस १० किलोओहमचा रेझिस्टर पांच व्होल्टांकडे अवश्य जोडावा. नाहीं तर मोकळी तार कधीं होय म्हणेल, कधीं नाहीं.

दोन अवधानें येथें फार महत्त्वाचीं. पहिलें विद्युत्प्रवाहाचें. ७४एचसी५९५ च्या सर्व पायांतून मिळून ७० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जाऊं देऊं नये. खेळसंचांत बहुधा २२० ओहमचे रेझिस्टर येतात. तांबड्या दिव्यावर सुमारें दोन व्होल्ट खर्च होतात, उरलेल्या तीन व्होल्टांस २२० नें भागिलें म्हणजे सुमारें १४ मिलिअँपिअर येतात. आठ दिवे एकदम लागले तर १०९. मर्यादा ओलांडली! तेथें ६८० ओहमचा रेझिस्टर घातला तर आठांचे मिळून ३५ होतात, आणि पाटीवरील दिव्यास तेवढा उजेड पुरतो. त्रैराशिकाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या मुलास हें गणित करावयास लावावें.

दुसरें अवधान असें, कीं वीज येतांच या आय.सी.च्या पोटांत कोणत्या चिठ्ठ्या असतील याचा नेम नाहीं. मध्यरात्रीं वीज जाऊन परत आली, कीं भलत्याच खोलीचा दिवा लागावयाचा, आणि सून धांवत भलत्याच दारीं जावयाची. यास्तव 'ओई' नांवाचा पाय १० किलोओहमनें पांच व्होल्टांस बांधून ठेवावा, म्हणजे दिवे मुके राहतात. बोर्डानें आधीं सर्वत्र 'विझवा' पाठवावें व मगच एका पिनेनें तो पाय खालीं ओढून तोंड उघडावें. आतां हिशेब करा : दिव्यांस चार, बटणांस तीन, बझरास एक. २६ कामें आठ पिनांत झालीं, दहा शिल्लक.

याहून काटकसरीचा मार्ग दोन तारांचा आहे. फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं काढलेल्या आय-टू-सी या पद्धतींत प्रत्येक आय.सी.ला स्वतःचा पत्ता असतो. एमसीपी२३०१७ या आय.सी.वर सोळा जागा असतात. तीन पायांनीं पत्ता ठरतो, म्हणून अशीं आठ आय.सी. एकाच जोडतारेवर नांदूं शकतात, म्हणजे १२८ जागा. पाणिनीनें 'अच्' एवढ्या प्रत्याहारानें सगळे स्वर सांगितले, कारण वर्णांचा क्रम आधींच ठरलेला होता. येथेंहि सामर्थ्य तारांत नसून ठरलेल्या संकेतांत आहे. मात्र ही जोडतार खोल्याखोल्यांतून फिरवूं नये. ती वीतभरच ठेवावी, व लांबच्या तारा बटणांच्या असाव्यात.

बटणें आडव्याउभ्या जाळींत गुंफून ८ तारांत १६ बसविण्याचीहि रीत आहे. पण तीं तीन एकदम दाबलीं गेलीं, तर प्रत्येकास डायोड नसल्यास न दाबलेलें चौथें दाबल्यासारखें दिसतें. खेळांत हें चालेल. आजारी माणसाच्या हांकेंत चालणार नाहीं.

या सर्व यंत्रणेस पांच व्होल्टांचीच वीज द्यावी. २३० व्होल्टांचा दिवा वा पंप जोडण्याची हौस जाणत्या वायरमनावांचून करूं नये. आणि यंत्र कितीहि चांगलें चाललें, तरी आजींच्या उशाशीं पितळी घंटा राहूं द्यावी.

शेवटीं वडील मंडळींस एक विनंति. मूल मोठा बोर्ड मागूं लागलें तर 'पैसे वायां घालवूं नकोस' असें म्हणून त्याला गप्प करूं नका, आणि लगेच पाकीटहि उघडूं नका. त्याला कागद देऊन विचारा : "कामें किती, पिना किती, तूट किती?" जें मूल हें तीन आंकडे लिहून आणील, त्याला हीं चार लहान आय.सी. आनंदानें आणून द्या. मुलगी असेल तर तितक्याच आनंदानें. थोड्या साधनांत पुष्कळ माणसांचें कसें भागवावें, हें एकत्र कुटुंबांतील मुलांस निराळें शिकवावें लागत नाहीं. तीच दृष्टि तारांकडे वळविली म्हणजे झालें.