रुपया वधारला तर कोणाचे फावते?

पाताळगंगेच्या काठी, खालापूर तालुक्यातील भातशेतीच्या मुलखात, १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने आपला कारखाना उभारला आणि त्याच्या आश्रयाने जी वसाहत वाढली ती रसायनी या नावाने ओळखली जाऊ लागली. नायट्रोबेंझिन, ॲनिलिन, फॉर्माल्डिहाइड अशी, पुढे रंग, औषधे आणि रबर यांच्या धंद्यांत खपणारी द्रव्ये येथे तयार होत. मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. अग्निबाणांसाठी लागणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड बनविणारा विभाग तेवढा अवकाश संशोधन संस्थेकडे देण्याचे ठरले आणि जमिनीचा मोठा भाग पुढे भारत पेट्रोलियमकडे गेला. जुनी यंत्रसामग्री आणि खेळत्या भांडवलाची टंचाई ही या अखेरीची कारणे होतीच, परंतु परदेशांतून स्वस्तात उतरणारा माल हेही त्यांतले एक ठळक कारण होते. आता गंमत अशी की, ज्या स्वस्त आयातीने घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नोकरीवर गदा येते, तीच स्वस्त आयात शेजारच्या मोहोपाड्याच्या बाजारात त्याच घरातील गृहिणीला तेलाची पिशवी चार पैसे कमी दराने मिळवून देते. आणि म्हणून रुपया वधारल्याची वार्ता आली म्हणजे या घराने हसावे की चिंता करावी, या प्रश्नाचे सरळ उत्तर कोणत्याही अर्थशास्त्र्याला देता येणार नाही.

हुंडणावळीचा दर वर का चढतो याची कारणे पाठ्यपुस्तकांत पुष्कळ दिलेली असतात. ती सगळी येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. मूळ गोष्ट एवढीच की, रुपये हवे असणारांची संख्या डॉलर हवे असणारांपेक्षा वाढली म्हणजे रुपया वधारतो. ही मागणी आपल्या मालाच्या निर्यातीतून येईल, आखातात आणि अमेरिकेत राबणाऱ्या आपल्या माणसांनी घरी धाडलेल्या पैशांतून येईल, येथील व्याजाचे दर तिकडच्यापेक्षा चढे आहेत म्हणून येणाऱ्या परकी भांडवलातून येईल, अथवा आपण काहीच न करता डॉलरच जगभर उतरला म्हणूनही येईल. बाहेरून पाहणाऱ्याला या साऱ्यांचा परिणाम एकच दिसतो, परंतु पहिल्या दोन प्रकारचे बळ कमाईचे असते आणि उरलेले बहुतांशी उसनवारीचे. जत्रेच्या दिवसांत गावाची वस्ती फुगावी आणि पालखी परतताच ओसरावी, तशी भांडवलाने आणलेली तेजी असते. २००७ साली आपण हे अनुभवले. त्या वर्षाच्या आरंभी डॉलरला चव्वेचाळीस रुपयांच्या आसपास असलेला भाव वर्षअखेरीस चाळिसाच्याही खाली आला. मार्च २००८ पर्यंतच्या एका वर्षात परकीय चलनाची गंगाजळी सुमारे दोनशे अब्ज डॉलरांवरून तीनशे अब्जांच्या पार गेली. निर्यातदारांनी आक्रोश केला, सरकारला त्यांच्या कर्जावरील व्याजात सवलत द्यावी लागली, आणि घाऊक भाववाढीचा वेगही त्या वर्षी बराच मंदावला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बँका कोसळल्या, भांडवल आल्या वाटेने परतले आणि डॉलर पन्नास रुपयांना भिडला. ज्या छोट्या कारखानदाराने चाळिसाचा भाव कायमचा समजून परकी चलनात कर्ज काढले होते, त्याची अवस्था काय झाली असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

सरकारच्या हुकमाने रुपया वधारविण्याचा प्रयोगही आपल्याकडे झालेला आहे, आणि तो फारच उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धात चांदी महागली तसा रुपयाचा भाव चढत गेला. मे १९१९ मध्ये नेमलेल्या बॅबिंग्टन स्मिथ समितीने या चढत्या भावालाच कायम मानून रुपयाची किंमत दोन सोन्याचे शिलिंग ठरवावी अशी शिफारस केली; मुंबईचे दादिबा मेरवानजी दलाल या एकट्या सभासदाने तीस विरोध करून आपले भिन्न मत नोंदविले. सरकारने बहुमत उचलले, दर टिकविण्यासाठी लंडनमधील गंगाजळीतून कोट्यवधी पौंडांच्या हुंड्या विकल्या, आणि १९२० च्या सप्टेंबरात हात टेकले. मधल्या काळात मुंबईच्या व्यापाऱ्यांनी चढा भाव गृहीत धरून विलायती मालाच्या मागण्या नोंदविल्या होत्या. माल बंदरात आला तोपर्यंत रुपया घसरला होता, आणि दुप्पट भासणाऱ्या रकमा भरण्यापेक्षा अनेकांनी मालच सोडवून घेतला नाही. फर्मानाने भाव लिहिता येतो. तो टिकवायला मात्र पाठीशी माल लागतो.

यानंतर आली ती हिल्टन यंग कमिशनची शिफारस. १९२६ साली तिने रुपया एक शिलिंग सहा पेन्सांवर स्थिर करावा असे म्हटले आणि १९२७ च्या कायद्याने ते झाले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी जुन्या एक शिलिंग चार पेन्सांचा आग्रह धरून वेगळे मत दिले. दोन पेन्सांचा हा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो. हिशेब मांडून पाहिल्यावर मात्र त्यातले मर्म कळते. चार पेन्सांच्या दराने एका पौंडाचे पंधरा रुपये येत. सहा पेन्सांच्या दराने येऊ लागले तेरा रुपये पाच आणे चार पै. वऱ्हाडखानदेशातील कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजारात पौंडांत ठरे, म्हणून तेवढ्याच कापसाचे शेतकऱ्याच्या पदरात रुपये कमी पडत; मात्र त्याचा शेतसारा आणि सावकाराचे व्याज रुपयांतच ठरलेले असल्याने त्यांत एक पैचीही सूट नव्हती. उलट पक्षी, येथे पगार घेऊन विलायतेत पैसे धाडणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याला आणि विलायतेतले देणे भागविणाऱ्या सरकारी तिजोरीला हा दर सोन्यासारखा वाटला तर त्यात नवल नाही. शहरातला पगारदार मात्र या वादात अडचणीत सापडलेला असे, कारण विलायती कापड आणि रॉकेल स्वस्त झाल्याने त्याचा फायदाच होता, पण ते बोलून दाखविणे देशभक्तीला शोभत नव्हते.

या गुंतागुंतीकडे सर्वांत थंड डोक्याने पाहिले ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. लंडनमध्ये १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या रुपयाविषयीच्या प्रबंधात, आणि नंतर कमिशनपुढे दिलेल्या साक्षीत, त्यांनी एक विचार मांडला तो आजही फारसा कोणी मनावर घेत नाही. रुपया उतरला म्हणजे निर्यातदाराला जे जास्त रुपये मिळतात ते परदेशी गिऱ्हाइकाच्या खिशातून येतात असे आपण समजतो; आंबेडकरांनी दाखवून दिले की त्यांतला मोठा वाटा येतो तो येथल्याच मजुराच्या खिशातून, कारण वस्तूंच्या किमती लवकर चढतात आणि मजुरी रेंगाळत मागून येते. म्हणजे हुंडणावळीच्या चढउतारात राष्ट्राचा एकंदर नफातोटा शोधण्यापेक्षा, देशातल्या देशात कोणाकडून काढून कोणाला दिले गेले हे शोधावे. रुपया वधारतो तेव्हाही हा नियम उलट्या दिशेने चालतो असेच माझे मत आहे, फक्त एका महत्त्वाच्या अपवादासह: किमती चढताना जितक्या तत्पर असतात तितक्या उतरताना नसतात.

याचे उदाहरण पेट्रोलचे घ्या. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो, म्हणून रुपया वधारला की इंधन स्वस्त व्हावे हे शाळकरी मुलालाही कळते. परंतु नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात, जागतिक बाजारात तेल कोसळत असताना, केंद्र सरकारने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवून पेट्रोलवर लिटरमागे ११ रुपये ७७ पैसे आणि डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे अधिक वसूल केले. तेथे घसरण तेलाच्या भावाची होती, रुपयाची तेजी नव्हती; पण वाट तीच. बाहेरून आलेली स्वस्ताई बंदरात उतरते, आणि ग्राहकाच्या दारी पोहोचण्यापूर्वी तिजोरी तिला आपल्या घरी उतरवून घेते. त्या पैशांतून रस्ते झाले असतील, तूट भरली असेल. मी त्याला सरसकट अन्याय म्हणत नाही. पण रुपयाच्या बळाचे श्रेय घेणाऱ्यांनी ते बळ कोठे खर्ची पडले तेही सांगायला हवे.

खाद्यतेलाची कथा याहून निराळी नाही. आपण खातो त्यातले निम्म्याहून अधिक तेल आयातीचे, त्यातही पामतेल इंडोनेशिया आणि मलेशिया येथून येणारे. समजा शंभर रुपयांचा माल रुपया दोन टक्क्यांनी वधारल्यामुळे अठ्ठ्याण्णवला पडला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या तेलांवरील एकूण आयात शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेले. म्हणजे पूर्वी साडेपाच रुपये जकात धरून जो माल १०५ रुपये ५० पैशांना पडे, तो नव्या दराने १२५ च्या जवळ गेला असता, रुपया दोन टक्क्यांनी वधारला तरी. मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीन उत्पादकाच्या भावासाठी हे केले गेले, आणि त्याचा पक्ष खरा होता. मे २०२५ मध्ये तेच शुल्क साडेसोळा टक्क्यांवर आणले गेले. म्हणून मोहोपाड्याच्या वाण्याकडे पिशवीचा भाव का बदलला हे जाणू इच्छिणाऱ्याने विनिमयाच्या आकड्याहून जकातीच्या अधिसूचनेकडे आधी पाहावे.

कर्जतच्या भातशेतकऱ्यापर्यंत तर रुपयाची हालचाल पोहोचतच नाही. युरियाची ४५ किलोची गोणी त्याला सरकारी दराने २६६ रुपये ५० पैशांना मिळते. बाहेरून आणलेल्या युरियाची आणि युरिया बनविण्यासाठी लागणाऱ्या आयात वायूची किंमत रुपया वधारल्याने उतरली तर वाचतो तो सरकारचा अनुदानाचा खर्च, शेतकऱ्याचा पैसा नव्हे. रुपया कोसळला तरी त्याच्या गोणीचा भाव चढत नाही, एवढे संरक्षण त्याला आहे, आणि ते मोलाचे आहे.

आता पुन्हा रसायनीच्या कारखान्यांकडे येऊ. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण निर्यातदारांच्या सभांमध्ये ती हमखास विसरली जाते. २०११ साली पंचेचाळिसाच्या घरात असलेला डॉलर ऑगस्ट २०१३ मध्ये अडुसष्टापलीकडे गेला. म्हणजे परदेशी ॲनिलिन येथल्या ग्राहकाला मोठ्या प्रमाणात महाग पडायला हवे होते. तरी रुपयाच्या या दुर्बळपणाने सरकारी कारखाना वाचला नाही. ज्या बेंझिनपासून तो आपली द्रव्ये बनवी त्याचा भाव देशी शुद्धीकरण कारखान्यांतही जगाच्या दराने, पर्यायाने डॉलरच्या हिशेबाने ठरत असल्यामुळे, पुढे विकण्याच्या मालाबरोबर आत घेण्याचा मालही महागला आणि फरक फारसा उरलाच नाही. पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातील अनेक खासगी कारखान्यांची आजही हीच स्थिती आहे: आयात न करणाऱ्या कारखानदारालाही आयातीच्या दराने भाव लावावा लागतो. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपयांची पायरी ओलांडली तेव्हा निर्यातीला आता बहर येणार अशी जी भाकिते ऐकू आली, ती याच कारणाने मला अर्धवट वाटली. आणि उद्या रुपया वर आला तर धंदे बुडतील ही ओरडही तितकीच अर्धवट ठरेल. बुडतो तो मुख्यतः ज्याच्यापाशी दरातील उसळी सोसायला अवकाश नसतो असा छोटा धंदा.

रिझर्व्ह बँकेचे काम या ठिकाणी सुरू होते. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख रसायनीच्याच जिल्ह्यात, महाडजवळच्या नाते गावी जन्मले. ब्रेटन वुड्स येथे १९४४ साली जागतिक चलनव्यवस्थेची घडी बसविली जात असताना ते हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात होते. आजची बँक विशिष्ट भावाचा आग्रह धरत नाही. रुपया झपाट्याने चढू लागला तर ती डॉलर विकत घेते, उतरू लागला तर विकते. पण डॉलर घेताना ती बाजारात रुपये ओतते, आणि ते रुपये सरकारी रोख्यांच्या विक्रीने परत शोषून न घेतल्यास भाववाढ मागच्या दाराने आत येते. म्हणजे दर राखण्याचीही किंमत असतेच, आणि ती शोषणाच्या रोख्यांवरील व्याजाच्या रूपाने शेवटी आपणच भरतो.

दर अमुकच राखावा अशी माझी मागणी नाही; ती याहून मर्यादित आहे. मोठ्या कंपन्या आपल्या आयात-निर्यातीच्या रकमांचा भाव वायदा कराराने बँकांकडे आधीच बांधून घेतात आणि रुपया इकडे वा तिकडे झाला तरी त्यांची झोप मोडत नाही. छोट्या कारखानदाराला ही सोय कागदोपत्री असते, पण रक्कम छोटी म्हणून बँक दलाली जास्त लावते, तारण मागते, आणि दर विचारायला गेला तर उत्तर दुसऱ्या दिवशी देते, तोवर भाव बदललेला असतो. पाताळगंगेच्या औद्योगिक क्षेत्रासाठी राष्ट्रीयीकृत बँकांनी मोहोपाड्यातच हुंडणावळीचा एक जाणता अधिकारी बसवावा, पाच-दहा हजार डॉलरांच्या वायद्याचाही भाव त्याने तासाभरात लेखी द्यावा, आणि त्यावरील दलालीचा दर शाखेच्या फळ्यावर लिहून ठेवावा.