भुयारातलं पाणी आणि गळ्यातलं मडकं

शिरूर-दौंडच्या कुठल्याही गावात जा. पारावरचा म्हातारा सांगणारच, आमच्या देवळातून भुयार निघतं ते थेट नदीच्या पल्याड. घोड्यावर बसून जाता यायचं म्हणं. आत सात रांजण मोहरा हायत म्हणं. पाहिलंय कुणी? कुणीच नाही. आणि आता आपलीच पोरं मोबाईलची बॅटरी मारत त्या बोळात घुसतात. जयभीम म्हणून सुरुवात आणि पेशव्याच्या खजिन्यावर शेवट!

गड्यांनो, खरं भुयार बघायचंय? मग एस्टीत बसा, पुण्याला चला.

१७५० च्या सुमाराला नानासाहेब पेशव्यानं कात्रजच्या तळ्याचं पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत नेलं. दगडी बंदिस्त नळ. अडीच फूट रुंद, सहा फूट उंच. माणूस उभ्यानं चालेल. पंप नाही, इंजिन नाही. उतार धरून पाणी आपसूक धावायचं. गाळ बसायला मधे हौद, हवा सुटायला वर उच्छ्वास. काम चोख आहे. त्याला शिव्या देणाऱ्यातला मी नाही. आपल्यातले काही म्हणतात, पेशव्याचं आहे, थुंका त्याच्यावर. का थुंकायचं? दगड पेशव्यानं फोडला काय? पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडत आले ते पाथरवट, वडार, बेलदार. कोरेगावच्या स्तंभावर 'नाक' लागलेली नावं कोरली, म्हणून १८१८ सालचे आपले शिपाई आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत. नळ खोदणाऱ्याचं नाव कुठल्या दगडावर आहे, दाखवा.

पण प्रश्न दगडाचा नाही, पाण्याचा आहे. वाड्यात कारंजी उडाली. पेठापेठांतून हौद भरले. काळा हौद, बदामी हौद, नावं अजून लोकांच्या तोंडी आहेत. आणि ह्याच पुण्यात अस्पृश्यानं कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं बांधून फिरायचं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त लिहून ठेवलंय. मडकं कशाला? पाणी भरायला नव्हे. थुंकायला! पायाखालून तळ्याचं पाणी वाहतंय आणि वर चालणाऱ्याच्या गळ्यात थुंकीचं मडकं. हे चित्र डोळ्यासमोर आणा आणि मग म्हणा, आमचा गौरवशाली वारसा.

वारसा दाखवणाऱ्या एका फेरीत मी गेलो होतो. गाइड तासभर बोलला. उतार, चुना, वाड्यातलं हजारी कारंजं. मी विचारलं, महारामांगांना हे पाणी मिळायचं का? तो म्हणाला, आपण इथं जातीचा विषय नको आणूया. जसा काय विषय मी पिशवीत घालून आणला होता! १८६८ साली जोतीबांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ते काय हौसेखातर? शहरात पाण्याला तोटा नव्हता. तोटा होता तो हात लावू देणाऱ्याचा. १९२७ ला महाडात आपण ओंजळभर पाणी प्यायलो, तेव्हा तळं भरलेलंच होतं.

माझी आजी भीमेकाठची. नदी दारात, तरी पाण्याला वरून ओतणारीची वाट बघत विहिरीकडेला बसायची. ती भुयाराची गोष्ट कधी सांगायची नाही. तिला विहिरीचीच गोष्ट पुरी होती.

आता पुढचं. कात्रजच्या नळात काही ठिकाणी ड्रेनेज शिरलंय, बांधकामांनी तो जागोजागी फुटलाय. वारसाप्रेमी हळहळतात. बरोबर आहे, हळहळावं. पण शहरात दुसरी भुयारंही आहेत, गटारांची. रांजणगाव-कुरकुंभच्या आसपास चाळी उठल्या, त्यांच्याखाली मैल्याच्या टाक्या आल्या. त्यात कोण उतरतं? १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला आणखी कडक झाला. सुप्रीम कोर्टानं २०१४ ला गटारात मेलेल्यामागं दहा लाख सांगितले, २०२३ ला तीस लाख केले. रक्कम वाढली. उतरणाऱ्याची जात बदलली का? पेशव्याच्या भुयारात शिरून रील काढणाऱ्या पोरा, ह्या भुयाराच्या झाकणाशी कधी उभा राहिलास का?

येत्या रविवारी पारावर जा. म्हाताऱ्याला चहा पाजा. म्हणा, बाबा, भुयार राहू द्या. गावातली कुठली विहीर आमच्या आज्जीला बंद होती? बोट करून दाखवा. ते लिहून आणा. पुढचा अंक त्याच्यासाठी मोकळा ठेवलाय.